तोंडासकट

थोरलीचे हात लहानपणापासून लांब. फ्रॉकच्या बाह्या तिच्या मनगटापर्यंत कधी पोचल्याच नाहीत. आई दर वर्षी खाली एक पट्टी जोडायची आणि पोरीचे हात पट्टी ओलांडून पुन्हा बाहेर यायचे. शाळेत बँड निघाला तेव्हा बँडमास्तरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावले. ज्याचे हात सगळ्यांत लांब, त्याच्या गळ्यात ट्रॉम्बोन मारायचा असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो हिच्या गळ्यात पडला. ट्रॉम्बोन म्हणजे पितळेची लांबलचक दुमडलेली नळी. एका टोकाला फुंकायची वाटी, दुसऱ्या टोकाला कर्णा, आणि मधला भाग पुढेमागे सरकवून सूर बदलायचा. बारक्या पोरांचा हात शेवटच्या सुरापर्यंत पोचत नाही. हिचा पोचला आणि वर थोडा उरला.

वाद्य घरी आलं तेव्हा बापाने ते आधी उलटंसुलटं करून पाहिलं. बाप नळदुरुस्तीची कामं करायचा. त्याने सगळे जोड बोटांनी चाचपले, एका टोकाला बूच मारून दुसरीकडून पाणी ओतलं, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "गळत नाही. ठेव." याहून मोठी शाबासकी त्याने आयुष्यात कोणाला दिली नाही. गावभरचे नळ नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातला नळ मात्र तो जाईपर्यंत थेंब थेंब गळत राहिला, आणि आईने त्यावरून तो जाईपर्यंत त्याला सोडलं नाही.

आता थोरली साठीकडे झुकली आहे. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात ती ट्रॉम्बोन वाजवते, आणि नुसती वाजवत नाही, पहिल्या खुर्चीवर बसते. तिच्या डाव्या हाताला दुसऱ्या खुर्चीवर जाड्या, त्याच्यापलीकडे तिसऱ्या खुर्चीवर एक अबोल गृहस्थ. जाड्याला सगळे जाड्याच म्हणतात, आणि तोही पैलवानाने पदवी मिरवावी तसं ते नाव मिरवतो. थोरली आईबरोबर राहते. धाकटी बहीण त्याच इमारतीत तळमजल्यावर केस कापायचं दुकान चालवते आणि दिवसातून चार वेळा वर येऊन थोरलीच्या केसांना नावं ठेवते. आईने ऐंशी ओलांडली. वाद्यवृंदापुढे उभं राहून हात हलवणाऱ्या माणसाला कंडक्टर म्हणतात हे ऐकून तिने एकदा विचारलं होतं, "मग तिकिटं कोण फाडतं?" हा प्रश्न तिने खरंच विचारला होता की थोरलीची फिरकी घेतली होती, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

वाद्यवृंदातली खुर्ची कशी मिळते हे इथेच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. परीक्षा घेणारे एका बाजूला बसतात, मध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा सोडतात आणि उमेदवार पडद्याआडून वाजवतो. बाई की बुवा, काळा की गोरा, साहेबाचा भाचा की नळवाल्याची मुलगी, काही दिसत नाही. टाचांचा आवाज होऊ नये म्हणून खाली गालिचासुद्धा अंथरतात. थोरली तरुणपणी अशीच पडद्याआडून वाजवून आत शिरली. पडदा बाजूला झाल्यावर परीक्षकांपैकी एकाने "ट्रॉम्बोनला बाई?" असं म्हटल्याचं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, पण तोवर निकाल लागून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ ओघळलं. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड उतरलेलं. उजवी भुवई खाली, गाल लोंबता, ओठाचं टोक हनुवटीकडे निघालेलं. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली, पुष्कळांचं पूर्ण बरं होतं म्हणून धीर दिला. वाद्य फुंकण्याचं विचारल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. फुंकणाऱ्याचं सगळं भांडवल ओठांत असतं. ओठांची मूठ घट्ट वळली नाही तर हवा बाजूने सटकते आणि नळीतून सुराऐवजी नुसती फुसफुस येते.

ती घरी येऊन ढसाढसा रडली. डाव्या डोळ्याने नीट रडता येत होतं आणि उजव्याने धड मिटताही येत नव्हतं, म्हणून तिला आणखीच रडू आलं. मग तिने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि फुंकायला सुरुवात केली. वाटी ओठांच्या मध्यावर बसेना, म्हणून ती डावीकडे सरकवत नेली. जिवंत ओठ जिथे होता तिथे, पार कोपऱ्यात, ती एकदाची बसली. फुसफुशीचा सूर व्हायला महिनेच्या महिने गेले. शेवटी आईने एकदा दार ढकलून आत पाहिलं. वाटी डाव्या गालात रुतलेली, नाक तिकडे ओढलेलं, उजवा गाल फुग्यासारखा टम्म आणि उजवा डोळा सताड उघडा, घळघळ वाहणारा. आई दारातच थबकली.

"बाई गं, भूत दिसतेस तू," ती म्हणाली. "पण वाजतंय."

थोरली कामावर परतली तेव्हा तिने स्वतःच परीक्षा मागितली. तीच खोली, तोच पडदा, खाली तोच गालिचा. तिने वाजवलं आणि खुर्ची परत मिळवली. दया म्हणून कोणी दिली नाही, दुसऱ्यांदा कमावली. तोंड मात्र पुरतं सुधारलं नाही. एरवी फारसं कळायचं नाही, पण वाटी लावली की सगळं एका बाजूला पळायचं. तेव्हापासून तिने कोणाला आपला फोटो काढू दिला नाही. धाकटीच्या लेकीच्या लग्नातही ती सगळ्या फोटोंत कोणाच्या तरी नाहीतर खांबाच्या मागे आहे.

आणि अशात वाद्यवृंदाने फिल्म काढायचं ठरवलं.

शहरातल्या सभागृहाला किती तरी वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्ताने एक अवाढव्य जुनी सिंफनी वाजवायची, पाचसात कॅमेरे लावून तिचं चित्रीकरण करायचं, बाहेर चौकात मोठ्या पडद्यावर ती लगोलग दाखवायची आणि नंतर नीट फिल्म करून जपून ठेवायची असा बेत होता. सिंफनी चार भागांची. रचनाकाराने तिच्यावर अर्धी हयात घालवली म्हणतात, आणि ऐकताना ते खरं वाटतं. डोंगर फोडून रस्ता काढावा तशी ती पुढे जाते. तिच्यात ट्रॉम्बोनवाल्यांची एक खास शिक्षा आहे. पहिले तीन भाग त्यांना एक सूरसुद्धा नाही. सगळे घाम गाळत असतात आणि हे तिघे मांडीवर वाद्य घेऊन पाहुण्यांसारखे बसून असतात. चौथ्या भागात सगळं खवळून शांत होतं, एक शिंग लांबून साद घालतं, आणि मग अचानक या तिघांनी, ओठ गार, पितळ गार, अगदी हळू आवाजात, प्रार्थनेसारखी एक छोटी चाल वाजवायची. पहिल्या खुर्चीचा सूर त्यात सगळ्यांत वरचा आणि उघडा. चुकला तर लपायला जागा नाही. आणि शेवटी तीच चाल पूर्ण ताकदीने परत येते तेव्हा सभागृहाच्या खिडक्या हादरतात.

फिल्मचा दिग्दर्शक चांगल्या घरचा, चांगल्या कपड्यांतला, बोलायला गोड माणूस होता. तो वाईट होता असं म्हणता येणार नाही. तो नुसता सुंदर गोष्टींच्या नादी लागलेला होता, आणि त्या नादात चित्रातून माणसं कापणं त्याला जड जात नसे. तालमीला येऊन त्याने सगळ्यांना न्याहाळलं. रिकामे बसलेले तीन ट्रॉम्बोनवाले चित्रात बरे दिसत नाहीत म्हणून त्याने पहिली आज्ञा काढली, तिघांनी तीन भाग बाहेर थांबायचं आणि चौथ्याच्या आधी आत यायचं. जाड्या खूश झाला, कारण बाहेर खाता येतं. थोरलीला ते रुचलं नाही. आत बसणं हाही तिला कामाचाच भाग वाटायचा. बाकीच्यांचा श्वास ऐकत बसलं की आपला श्वास आपोआप त्यांच्यात मिसळतो. पण आज्ञा तिने मानली.

दुसऱ्या तालमीनंतर तिला कंडक्टरच्या खोलीत बोलावणं आलं. दिग्दर्शक तिथेच होता. टेबलावरच्या छोट्या पडद्यावर तालमीचा एक तुकडा थांबवून ठेवला होता. तिचा चेहरा, वाटी लावलेला, पडदाभर. तिने पटकन खिडकीकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचा आवाज म्हणजे काय सांगू!" दिग्दर्शक म्हणाला. "सोनं आहे. तो आम्हाला हवाच आहे."

"मग?"

"त्या ठिकाणी पडद्यावर फक्त तुम्ही असणार. अगदी जवळून. लोकांचं लक्ष... म्हणजे संगीतावरून उडेल. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. आम्ही एक सोय केलीय. एक तरुण वादक बाहेरगावाहून येतेय. ती तुमच्या खुर्चीत बसेल, वाद्य ओठांना लावेल, हात हलवेल. तुम्ही मागच्या दाराआड उभ्या राहून वाजवायचं. तिथे माईक ठेवू. आवाज तुमचाच."

थोरलीने कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर आपल्या बुटांकडे पाहत होता.

"एकाच संध्याकाळचा प्रश्न आहे, बाई," तो बुटांना म्हणाला. "तुम्हाला पडद्याआडून वाजवायची सवय आहे."

हे त्याला चुचकारण्यासाठी सुचलं असावं, पण थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडद्याआड मी परीक्षा दिली," ती म्हणाली. "खुर्ची मिळवायला दिली. एकदा नाही, दोनदा. मिळाल्यावर पडदा काढतात, साहेब. तुमच्याच लोकांनी काढला होता."

"मॅडम, आवाज तर तुमचाच..."

"आवाज हवा असेल तर तोंडासकट घ्या. तोंड नको असेल तर आवाजही नको." तिने छोट्या पडद्याकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "हा आवाज त्याच तोंडातून येतो. दुसऱ्या तोंडातून येत असता तर मी तेच लावलं असतं."

दिग्दर्शकाने फार समजूतदारपणे मान हलवली आणि फार समजूतदारपणे सांगितलं, की मग त्या संध्याकाळी तिला प्रकृतीच्या कारणाने सुट्टी देता येईल आणि पाहुणीच सगळं वाजवेल. विचार करून सांगा, घाई नाही. थोरली उठली आणि दार न आपटता बाहेर आली. याचं जाड्याला नंतर फार आश्चर्य वाटलं.

घरी धाकटीने आपली सगळी पेटी टेबलावर मांडली. इथे गडद, तिथे फिकट, उजव्या बाजूला सावली, भुवई थोडी वर, असं करत तिने बहिणीचं तोंड रंगवून बऱ्यापैकी सरळ केलं. थोरलीने वाटी लावली आणि पहिल्या सुराबरोबर सगळी रंगरंगोटी डावीकडे पळाली. उजव्या डोळ्याच्या पाण्याने गालावर चिखल झाला. धाकटीला हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला.

"ताई, ऐक ना त्यांचं! आवाज तर तुझाच राहणार. आणि खरं सांग, तुला तरी एवढं मोठं तोंड दाखवायची हौस आहे का? माझ्या पोरीच्या लग्नात तू खांबामागून हलली नव्हतीस!"

हा घाव बरोबर बसला. थोरली कापसाने गाल पुसत राहिली. खरंच हौस नव्हती. त्या खोलीत पडद्यावर स्वतःला पाहून क्षणभर तिला वाटून गेलं होतं, की बरोबर बोलतोय हा माणूस, मीही हे पाहिलं नसतं. याच विचाराचा तिला सगळ्यांत जास्त राग आला होता.

"खांबामागे मी माझ्या पायांनी गेले होते," ती शेवटी म्हणाली. "कोणी ढकललं नव्हतं."

कोपऱ्यात बसलेली आई पुढे वाकली. "तुझ्या दुकानात काचेत बाहुलीचं डोकं ठेवतेस ना गं?" तिने धाकटीला विचारलं. "त्या बाहुलीला द्या म्हणावं ट्रॉम्बोन."

थोरलीने ऑफिसला होही कळवलं नाही आणि नाहीही कळवलं नाही. तिथल्या लोकांना गप्प बसलेलं माणूस राजी झालेलं वाटतं. त्यांनी मागच्या दाराआड माईक लावला.

त्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मंचामागच्या अरुंद बोळात, जिथे खोक्यांची उतरंड आणि तुटक्या खुर्च्या असतात, तिथे चौघं जण थांबले होते. थोरली, जाड्या, अबोल गृहस्थ आणि पाहुणी. भिंतीपलीकडे सिंफनी सुरू झाली होती. नगाऱ्यांचे ठोके पायांतून वर येत होते. जाड्या बिस्किटं खात होता. थोरलीने वाटी काढून बगलेत दाबून धरली होती, कारण गार वाटी गार ओठाला लागली की पहिला सूर मेलाच म्हणून समजा. पाहुणी मधूनमधून नळीत नुसती ऊब फुंकत होती. मुलगी तिशीची, देखणी, आणि तिच्या फुंकण्यावरूनच कळत होतं की वाजवणारी पक्की आहे.

पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला. थोरलीने घसा खाकरला.

"हे बघ, मी आत जाणार आहे," ती पाहुणीला म्हणाली. "माझ्या खुर्चीत बसणार आहे. तुला आडवं यायचं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे दारात झोंबाझोंबी नको."

पाहुणीने नळी तोंडापासून दूर केली. "म्हणजे? मला तर सांगितलं, की तुमचे पाय दुखतात, तुम्हाला आत चालत जाता येत नाही, म्हणून तुम्ही इथून वाजवणार."

जाड्याच्या घशात बिस्कीट अडकलं. अबोल गृहस्थांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"पाय ठणठणीत आहेत माझे," थोरली म्हणाली. "तोंड वाकडं आहे. ते त्यांना दाखवायचं नाही." तिने बगलेतली वाटी काढली, डाव्या कोपऱ्यात लावली आणि त्यातच हलकेच एक सूर फुंकून दाखवला, सगळ्या तोंडासकट.

पाहुणी पाहत राहिली. तिने नजर वळवली नाही हे थोरलीच्या लक्षात आलं.

"मी दोनदा विचारलं त्यांना," पाहुणी हळूच म्हणाली, आणि तिचा आवाज रागाने घट्ट होत गेला. "म्हटलं, मीच वाजवते ना, मला येतं. तर म्हणाले, नको, तुम्ही नुसतं छान दिसा. नुसतं छान दिसा! रोज मरमर सराव करते ती काय यासाठी? मी शोभेची फुलदाणी आहे का?"

"त्यांच्या हिशेबी आहेस," जाड्या खोकत म्हणाला.

पाहुणीने आपला ट्रॉम्बोन खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग दाराआड लावलेल्या माईककडे गेली आणि त्याची वायर उपटली. "बाई, आता तुम्हाला बाहेरून वाजवताही येणार नाही," ती म्हणाली. "एक सांगते. कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला की पडद्यावर तुम्ही. विझला की दुसरं कोणी."

"लागू दे," थोरली म्हणाली. तिने वाटी पुन्हा बगलेत धरली.

तिसरा भाग संपला. दारावरचा माणूस ठरलेल्याप्रमाणे दार उघडायला आला, त्याने थोरलीला पुढे पाहिलं, पाहुणीला खोक्यावर बसलेली पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्याला आपल्या बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं आणि तो खाली वाकला. तिघं त्याच्यावरून आत गेले.

मंचावरचा उजेड असा होता, की थोरलीचा उजवा डोळा लगेच वाहायला लागला. ती खुर्चीत बसली. समोर शंभर माणसांच्या डोक्यांपलीकडे कंडक्टर उभा होता. त्याने तिला पाहिलं. त्याचा वर गेलेला हात तसाच राहिला, नको तेवढा वेळ. श्रोत्यांमध्ये कोणीतरी खोकलं. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी त्याला बुटांकडे पाहता येत नव्हतं, कारण सगळा वाद्यवृंद त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने हात खाली आणला.

चौथा भाग अंधारात चाचपडत सुरू होतो. व्हायोलिनांच्या तारा कुजबुजतात, थांबतात, दचकतात. सगळं उसळून आलं, नगारे गडगडले आणि विरले. शिंगाने साद घातली. थोरलीने वाटी डाव्या कोपऱ्यात बसवली. गाल तिकडे गेला, नाक गेलं, उजवा गाल फुगला. थेट समोर, व्हायोलिनांच्या मागे उभ्या केलेल्या कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला.

तिने श्वास घेतला. पहिल्या सुराच्या आधी कोपऱ्यातून थोडी हवा निसटली, ती तिला ऐकू आली आणि जाड्यालाही ऐकू आली असणार. मग सूर आला. खालून जाड्या, त्याच्या खालून अबोल गृहस्थ, आणि वर ती, बापाने तपासून दिलेल्या जोडांसारखी घट्ट. तिने तांबड्या दिव्याकडे पाहिलं. आता विझेल, आता विझेल असं वाटत होतं. विझला नाही. बघा, तिच्या मनात आलं, बघा नीट, जवळून बघा, हे असं दिसतं. भीती होती, लाज होती, आणि त्या दोन्हींवर पाय देऊन ती वाजवत होती. डोळ्याचं पाणी हनुवटीवरून नळीवर टपकलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

दिवा का विझला नाही ते नंतर कळलं. बाहेर चित्रीकरणाच्या गाडीत पडद्यांपुढे बसलेला दिग्दर्शक म्हणे घसा फोडून ओरडत होता, "दुसरं काही द्या, काहीही द्या!" पण कोणत्या सुराला कोणता कॅमेरा कुठे असेल हे सगळं त्यानेच आधी पक्कं करून ठेवलं होतं. या प्रार्थनेनंतर व्हायोलिनांची मोठी चाल सुरू होते, म्हणून बाकीचे सगळे कॅमेरे त्या क्षणी आपापल्या नव्या जागी सरकत होते. स्थिर असा एकच कॅमेरा होता. चौकातल्या मोठ्या पडद्यावर दोन मजले उंच थोरली उभी राहिली, आणि वाजवून झाल्यावरच खाली उतरली. शेवटी तीच चाल गर्जत परत आली तेव्हा तिने दिव्याकडे पाहिलंही नाही. ती तोवर कामात बुडाली होती.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढे जे झालं ते अधिक चीड आणणारं आहे.

लोकांना तो चेहरा फार आवडला. चौकात उभ्या असलेल्या बायकांनी डोळे पुसले. वर्तमानपत्रात छापून आलं, की संगीताने हेलावलेल्या एका वादिकेच्या गालावरचा अश्रू हाच त्या संध्याकाळचा सर्वोच्च क्षण. ते वाचून दिग्दर्शकाचा घसा तत्काळ बरा झाला. तो मुलाखतींतून सांगू लागला, की हा चेहरा त्याने मुद्दाम निवडला, धोका पत्करून निवडला. तयार झालेल्या फिल्मच्या जाहिरातीवर थोरलीचा डोळा आणि त्यातलं पाणी एवढंच होतं. वाकडं तोंड खालच्या अक्षरांत बेमालूम झाकलं होतं.

फिल्म पहिल्यांदा दाखवली त्या दिवशी सभागृहात थोरली, आई आणि धाकटी पुढच्याच रांगेत होत्या. धाकटीने बहिणीचे केस बसवले होते, तोंडाला हात लावला नव्हता. प्रार्थनेची जागा आली. पडदाभर तो चेहरा उगवला. थोरलीने या वेळी खिडकी शोधली नाही. तिने स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. फुगलेला गाल पाहिला, पळालेलं नाक पाहिलं. भूतच दिसत होती. आणि सूर मात्र चोख होता. धाकटी तिच्या कानाशी मुसमुसत म्हणाली, "डोळा तरी पुसायचास, ताई."

"कोणत्या हाताने?"

फिल्म संपल्यावर दिग्दर्शकाने तिला मंचावर बोलावलं, तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि माईक पुढे धरला. "मॅडम, सगळ्यांना ऐकायचंय. त्या क्षणी तुमच्या मनात असं काय दाटून आलं, की डोळ्यांतून पाणी वाहिलं?"

सभागृह शांत झालं. अगदी हळवं, तयारीत असलेलं शांत. थोरलीने खांद्यावरचा हात काढून त्याला परत दिला आणि माईक घेतला.

"काही दाटून आलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या अर्ध्या तोंडावरून वारं गेलंय. उजवा डोळा मिटत नाही, म्हणून गळतो. भांडी घासताना गळतो, दूध तापवताना गळतो, भाजी निवडताना गळतो. मी रडत नव्हते. मी वाजवत होते. हे तोंड चित्रात बरं दिसणार नाही म्हणून मला दाराआड उभं करायचं ठरलं होतं, तरी मी वाजवत होते. तेवढं बघा. बाकीचं तुमच्या मनाचं आहे."

मागे कुठेतरी जाड्याने एकच टाळी वाजवली आणि ती एकटीच वाजली. मग पुढच्या रांगेतून आईचा खणखणीत आवाज आला. "हिच्या बापाचा नळही असाच गळायचा! जन्मभर!" आणि ती ऐंशी ओलांडलेली बाई खदाखदा हसायला लागली, तशी धाकटी हसली, फिल्म बघायला आलेली पाहुणी हसली, आणि हसू रांगा ओलांडत मागे गेलं. टाळ्या त्यानंतर सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

दिग्दर्शकाचा चेहरा पडला होता. टाळ्यांच्या आडून तो तिच्या कानाशी वाकला. "मग तो भाग काढून टाकायचा का, मॅडम? दुसऱ्या कॅमेऱ्याचं काहीतरी जोडता येईल."

"काढायचा कशाला?" थोरली म्हणाली. "राहू दे. आणि त्या जाहिरातीत खालची अक्षरं जरा बाजूला घ्या. त्यांच्याखाली माझं तोंड आहे."